देवाजीची कच्ची चिठ्ठी

मु. हिवरटोला, जिल्हा चांदा
वैशाख, सन १९५७

तीर्थरूप वारलू भाऊंच्या पायी धाकट्या चुलतभावाचा, लटारूचा, दंडवत पोचावा. वच्छला वहिनीले नमस्कार आणि लेकरायले आशीर्वाद. तुमचा गुडघा, वहिनीचा खोकला आणि तुमच्या दवाखान्याची खिडकी कशी आहे ते कळवावं. (खिडकी याच्यासाठी विचारली, का मागच्या खेपेस तुमीच म्हणाले होते, औषधाच्या खिडकीतून वारा येते आणि तुमी बांधलेल्या पुड्या उडतेत.) इकडं सर्व खुशाल. म्हणजे घरची गुणाबाई खुशाल, बैल खुशाल, लाखोळीची डाळ बरी झाली. माझ्या खुशालीचं विचारू नका, त्याच्यासाठीच तं लिहून राह्यलो. चवथीत मास्तरानं शिकवलेलं पत्र इथपर्यंतच होतं, पुढचं आपल्या बोलीत लिहितो.

भाऊ, देवाजी तुमाले आठवते ना? माझा शेजारी, ज्याच्या आणि माझ्या घराच्या मधात एकच कुडाची भिंत आहे. बावीस वर्षं आमी दोघं दर मंगळवारी बाजाराले संगच गेलो. आता तो माणूस मोठा होऊन बसला. लोकं शिकून मोठे होतेत, जंगलाचा ठेका घेऊन मोठे होतेत, हा पट्ठ्या पाय मोडून मोठा झाला. कसा, ते पह्यलेपासून सांगतो, नाईतर तुमी म्हणाल लटारूले उगाच पोटदुखी आहे. पोटदुखी आहेच, पण उगाच नाई.

गेल्या पोळ्यानंतरच्या एका बाजारात कोणाच्या तरी बैलानं कासाराच्या दुकानात शिंग घातलं आणि बांगड्यांचा चुरा केला. तवापासून आमच्या पंचायतीनं नियम काढला, बाजारात गाडी आणायची नाई. साऱ्या गाड्या नाल्याच्या अलीकडं सोडायच्या, आणि तिथून माल डोक्यावर घेऊन रेतीतून पायी जायचं. वैशाखातली रेती, भाऊ. (तुमी सडकेवर राहता, तुमाले काय समजते.) फक्त बाजाराच्या तोंडाशी, चिंचेच्या सावलीत, एका गाडीची जागा राखून ठेवली. मास्तरानं टिनाच्या पत्र्यावर रंगवून दिलं, "पायाने अधू माणसाची गाडी". त्यातही दोन जाती. ज्याचा पाय कायमचा गेला त्याले पक्की चिठ्ठी, मरेपर्यंत. ज्याचं हाड मोडलं आणि जुळणार आहे, त्याले डॉक्टरच्या कागदावर तीन महिन्यांची कच्ची चिठ्ठी. आता गंमत पाहा. आमच्या पंचक्रोशीत पक्क्या चिठ्ठीची धनीण एकच, पलीकडच्या वस्तीवरची, टोल्यावरची, सोमारीबाई, अस्वलानं जिचा पाय फोडला ती. आणि तिच्याजवळ गाडीच नाई. चिठ्ठी पदराले बांधून ती बिचारी लेकाच्या पाठीवर बसून बाजाराले येत होती, आणि चिंचेखालच्या जागेवर पाच महिने कुत्रे झोपत होते.

मग माघात बैलांच्या शर्यतीचा पट भरला. देवाजीची जोडी आणि माझी जोडी एकाच वेळी सुटली. माझे बैल तुमाले माहीत आहेत, डावा पळते आणि उजवा इचार करते. देवाजी जिंकला. जिंकला तं जिंकला, सीधा खाली उतरावं ना? नाई. शेवटची रेघ पार झाल्यावर मी किती मागं राह्यलो हे पाह्याले तो छकड्यावर उभा झाला, मागं वळला, आणि गेला खाली. नडगीचे दोन तुकडे. त्याच्याजवळ सगळ्यात पह्यले मीच पोचलो, कारण त्या बाजूले पळत येणारा दुसरा कोणी नव्हताच. चांद्याले नेला, पलस्तर घातलं, डॉक्टरनं कागद दिला. पण चिठ्ठीसाठी माणसानं जातीनं हजर राह्यलं पायजे असा नियम, आणि पंचायतीचं हापीस बाजाराच्या मधोमध. मग चौघांनी त्याले खाटेवर उचलून नेला. खाटेचा पुढचा उजवा पाय कोणाच्या खांद्यावर होता, इचारा. माझ्या. मी आपल्या हातानं, म्हणजे आपल्या खांद्यानं, त्याले त्या चिंचेखाली नेऊन बसवला.

आणि बसला तो कसा बसला. सरकारनं मालगुजारी बंद केली म्हणतेत, पण आमच्या बाजारात नवा मालगुजार आला. गाडीत तणसाची गादी, तिच्यावर घोंगडी, आणि पलस्तर असं समोर ठेवलेलं, का आल्यागेल्यानं पह्यले त्याचंच दर्शन घ्यावं. न्हावी गाडीवर चढून दाढी करून देते. हॉटेलवाला चहा घेऊन येते, तोही कपबशीत. (मले बावीस वर्षांत बशी भेटली नाई.) लाखोळीचा व्यापारी पह्यले त्याच्याजवळ जाते, मी रेतीतून घामाघूम होऊन पोचेपर्यंत त्याची तागडी बंद होऊन जाते. बाया येतेत, पलस्तर बोटानं ठोकून पाहतेत आणि हळहळतेत. माझ्या डोक्यावर पोतं असते, तिकडं कोणी हळहळत नाई. घरीही तेच. गुणाबाईनं मोहाची पोळी केली का पह्यली कुडापलीकडं जाते. मी म्हटलं, घरातही एक माणूस आहे. तं म्हणे, तुमचे दोन्ही पाय साबूत आहेत. आता साबूत पाय हा काय गुन्हा झाला?

त्यात आणखी एक. हा देवाजी टोल्यावरून वळसा घालून सोमारीबाईले आपल्या गाडीत घेऊन येते. त्यामुळे सावलीही त्याची आणि पुण्यही त्याच्याच नावावर. दोघं गाडीत बसून रस्ताभर हासत येतेत आणि मी नाल्यातून जाताना दिसलो का देवाजी कुबडी उचलून राम राम करते. पह्यल्या मंगळवारी तं गाडी थांबवून म्हणाला, "बस ना, लटारू. तिघांची जागा आहे." मी म्हटलं, "मी काय लंगडा आहो?" बस, त्या एका बोलापायी तीन महिने झाले, रेती तुडवून राह्यलो. भाऊ, तुमच्यापासून काय लपवू, मी जळतो. चुलीतल्या ओल्या लाकडावानी जळतो, जाळ कमी आणि धूरच जास्त, आणि तो धूर माझ्याच डोळ्यात जाते.

देवानं माझंही ऐकलं, पण अर्धंच ऐकलं. फागुनात नाल्यातल्या खेकड्याच्या बिळात पाय गेला आणि घोटा मुरगळला. सुजून जांबाएवढा झाला. दुखून तं भल्लं राह्यलं होतं, पण मनात म्हटलं, चला, आला आपलाही नंबर. गुणाबाईनं हळद लावली, ती मी पुसू दिली नाई, दुरून दिसली पायजे म्हणून. मंगळवारी लंगडत लंगडत, रेतीतून, दोन जागी बसत, पंचायतीच्या हापिसात गेलो. तिथला सेक्रेटरी पत्रू, (माणूस सज्जन आहे, पण रजिस्टर उघडलं का त्याच्या अंगात येते), त्याच्या टेबलावर पाय ठेवला. त्यानं पाय पाह्यला, रजिस्टर पाह्यलं आणि विचारलं, इथवर कसे आले? मी म्हटलं, चालत. मग चिठ्ठी कशाले पायजे, म्हणे, आणि रजिस्टर बंद केलं. म्हणजे बघा, जो पाय चिठ्ठी मागाले येऊ शकते त्याले चिठ्ठी भेटत नाई, आणि जो येऊ शकत नाई त्याले मागता येत नाई. मी म्हटलं, ठीक आहे, खाटेवर येतो. तो म्हणे, या, पण उचलणारे चौघं आणा. गावात फिरलो तं तिघंच भेटले. आमचा नेहमीचा चवथा देवाजीच होता. अशानं घोटा घरीच बसून बरा झाला. मुरगळलेल्या पायाले या दुनियेत इज्जत नाई, मोडावंच लागते.

पण आता माझेही दिवस येऊन राह्यले. गेल्या हप्त्यात देवाजीचं पलस्तर तुमच्याइथी काढलं आणि येत्या मंगळवारी त्याच्या कच्च्या चिठ्ठीची मुदत सरते. सरली का पालखी खाली. मग त्याची गाडीही नाल्याच्या अलीकडं, माझ्या गाडीच्या बाजूले, जुन्या जागी. ती जागा मी अजून कोणाले घेऊ दिली नाई. परवा टोल्याच्या इतवारीनं तिथी गाडी घुसवली, तं त्याच्याशी भांडलो. (ते भांडण जागेसाठी होतं, देवाजीसाठी नाई, गैरसमज नको.) तीन महिने एकट्यानं गेलो तं नाल्याची रेती दुप्पट लांब झाली, भाऊ. पह्यले तो बोलत राहे, मी चिडत राहो, आणि बाजार कवा येऊन जाये समजतही नव्हतं. आता चिडाले कोणी नाई, नुसतीच रेती. म्हणून म्हणतो, मुदत सरली पायजे. उतरू दे त्याले खाली, मग पाहतो कपबशी कोण आणून देते.

असो. माझं काही मागणं नाई. खूप दिवसांत पत्र नव्हतं म्हणून लिहिलं. वहिनीसाठी जवस काढून ठेवली आहे, कोणी चांद्याले येणारा भेटला का पाठवतो.

तुमचा धाकटा भाऊ
लटारू

ता. क. मागणं नाई असं लिहिलं, पण एक आहे. डॉक्टर साहेब तुमच्या बसण्याउठण्यातले आहेत. त्यांच्या कानावर घालावं का देवाजीचा पाय टणटणीत आहे, मी त्याले कोंबडीमागं धावताना पाह्यलं. (धावताना म्हणजे कोंबडीले काठी फेकून मारताना, पण जोरात मारत होता.) तवा मुदतवाढ देऊ नये. आणि ते नाईच जमलं तं माझ्या घोट्याचा एक कागद तीन महिन्यांसाठी पाठवून द्यावा. घोटा बरा झाला, पण कागदाले काय माहीत.

पुन्हा ता. क. हे चार दिवसांनी लिहितो. पत्र टाकाले निघालो होतो, तं देवाजीनं कुडावरून हाक मारली. डॉक्टरनं पंचायतीसाठी दिलेला कागद त्याच्याजवळ होता. त्याले अक्षर येत नाई, म्हणून मले म्हणे, देण्याआधी वाचून दे. मी उभ्यानंच वाचला. हाड वाकडं जुळलं, पाय चार बोटं आखूड राह्यला, यापुढं सुधारणा होणार नाई, सबब पक्की चिठ्ठी द्यावी. मी तो कागद दोनदा वाचला. कूड धरून तो उभा होता आणि वरतून बोलून राह्यला होता.

"पुढच्या माघात पुन्हा तुलेच हरवतो, लटारू. किती महिने लिहिले?"

मी म्हटलं, "तीन."

कागद घेऊन त्याच पावली पत्रूकडं गेलो. त्याले म्हटलं, रजिस्टरात पक्की लिहा आणि तोंडानं कच्ची म्हणा. तो म्हणे, असा नियम नाई. मी म्हटलं, नसंल तं करा. पत्रूनं बराच वेळ टाक दौतीत बुडवून ठेवला. मग पक्की लिहिली, आणि काल, मंगळवारी, देवाजीसमोर मोठ्यानं तीन महिने म्हणाला, वर ठसाही मारला. दर तीन महिन्यांनी मारीन म्हणते.

तवा भाऊ, वरचं सगळं खोडलं असं समजा. डॉक्टर साहेबाले काही सांगू नका, माझ्या घोट्याचा कागदही नको. मागणं एवढंच, का देवाजी औषधाले तुमच्या खिडकीशी येईल आणि अजून किती दिवस म्हणून विचारल. तुमीही तीनच महिने सांगा. कधीतरी त्याले आपल्याच मनानं समजल, पण ते माझ्या वाचण्यातून नको.

काल बाजाराले जाताना त्यानं पुन्हा गाडी थांबवली, बस म्हणाला. मी बसलो नाई. तोंड वाकडं करून रेतीतूनच गेलो, आणि चिंचेखालून जाताना त्याच्या कपबशीवरून दोन शब्दही बोललो. जळणं सुरूच ठेवलं आहे. एकाएकी बंद केलं तं त्याले समजून जाईल.