पेटी सुरात कोण लावून देते?

॥ श्री ॥

मरोदा, भिलाई
८ सप्टेंबर २०२५

चि. हिरालाल,

अनेक आशीर्वाद. सौ. रंभालाही सांगावेत. गणपती परवा गेले. तुझी खुशबू इथे आमच्याकडे राहून अभ्यास नीट करते, तिच्यामुळे आमच्या देवघरात दिवा वेळेवर लागतो. इकडे फोनला नेटवर्क बरे नसते, म्हणून पत्र लिहितो आहे. तू गोंदियाला गेल्यापासून दुकानातल्या तुझ्या स्टुलावर मी कानशी ठेवतो. दोघांना पुरेल इतके काम तेव्हा नव्हतेच.

एक गंमत सांगायची होती. काम वाढावे म्हणून खुशबूने आपल्या पेटी-दुरुस्तीच्या दुकानाचे पान इंटरनेटवर काढले. मजकूर मी लिहिला. आपल्या सवयीने सर्वांत वर ‘श्री गणेशाय नमः’ लिहिले आणि ‘मुख्य मथळा’ अशी जी खूण तिने शिकवली होती, ती त्यालाच लावली. बाकीची नावे नुसती जाड आणि भगवी केली, भजन मंडळाच्या फलकासारखी. मला पान सुरेख वाटले.

मग गणपतीत फोन येऊ लागले. फोन खुशबूच घेते. जामुलची एक बाई म्हणाली, “बेटा, ढाई फुट के गणेशजी कितने के पड़ेंगे?” दुसऱ्याला पूजेसाठी भटजी हवा होता. पेटीबद्दल कोणी विचारेना. खुशबूने स्वतःच मोबाइलला विचारून पाहिले, भिलाईत पेटी कोण दुरुस्त करते? त्याने रायपूरचे दुकान सांगितले.

“मोठे बाबा, मशीनले वाटून राहिलं का आपलं दुकान गणपतीचं हाय,” ती हसत म्हणाली.

“मंग बाप्पाले काढू का?”

“काढू नका. मथळ्यातून उतरवा अन् कोपऱ्यात बसवा.”

“बाप्पाले कोपऱ्यात?”

“अन् आपलं देवघर कुठं हाय?”

देवघर कोपऱ्यातच आहे. बाप्पा मथळ्यातून उतरले.

तिने समजावले ते असे. शोधणारे यंत्र असो की उत्तर देणारे, त्याला जाडी आणि रंग कळत नाही. ते खुणा पाहते. मुख्य मथळा एकच, आणि पान कशाचे आहे ते त्यानेच सांगायचे. त्याखाली उपमथळे, शक्यतो लोक विचारतात त्याच शब्दांत, आणि प्रत्येकाच्या लगेच खाली त्याचे उत्तर. मला आपले गुलाबराव आठवले. त्यांना दिसत नाही, पण भजनाला उशिरा आले तरी बाहेरूनच म्हणतात, “गवळण चालू हाय, आरतीले टाइम हाय.” क्रम ठरलेला असतो म्हणून त्यांना कळते. कोणी मध्येच आरती म्हटली तर ते उठून घरी जातील. यंत्रही तसेच असावे, असे मी धरून चाललो.

पान पुन्हा लिहिले. वर ‘भिलाईत हार्मोनियम दुरुस्ती’. खाली ‘भाता फाटला तर काय करावे?’, ‘पट्टी का अडकते?’ आणि ‘पेटी सुरात कोण लावून देते?’ पहिल्या दोन्हींची उत्तरे मी एका बैठकीत लिहिली. तिसऱ्याखाली जागा तशीच राहिली.

“रिकामं नका ठेवू,” खुशबू म्हणाली. “विचारणारा तिथवर येईन अन् उत्तरच नाही.”

लिहितो म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिले आणि चहा ठेवायला गेली. तिला ठाऊक आहे. तुझ्या बाबाला सांगू नको, असे मीच बजावले होते.

नेटवर्क चांगले आहे, हिरालाल. मला ऐकू कमी येते. वरच्या सप्तकातले सूर तर येतच नाहीत, आणि डॉक्टर म्हणाले की ते परत येणार नाहीत. खुशबूने मोबाइलवर सूर दाखवणारी सुई लावून दिली होती. सुई मध्यावर आणून मी गुलाबरावांची पेटी दिली. त्यांनी ती वाजवली आणि दुसऱ्या दिवशी परत आणली. म्हणाले, “पुंडलिक, एकेक सूर बरोबर हाय गा. पण जोडीचे सूर एकमेकासंगं राहून नाही राहिले.”

देवाने इतकी वर्षे ऐकवले, तक्रार नाही. भाता, लाकूड, पट्ट्या हे हात अजून करतात.

आता मोबाइलला विचारले की तो आपले दुकान सांगतो. नवरात्राआधी कुरुद आणि जामुलची मंडळे पेट्या घेऊन येणार आहेत. मी कोणालाच नाही म्हटलेले नाही.

काल तिसऱ्या मथळ्याखाली खुशबूकडून एक ओळ लिहून घेतली, ‘हिरालाल लावून देतात.’

“बाबाले विचारलं?” तिने विचारले.

म्हटले, पत्र टाकतो. तोवर ती ओळ तिने लोकांना दिसू दिलेली नाही. बरोबर केले. यंत्र ते खरे धरून कोणाला तरी वाचून दाखवील. तू येणार नसशील तर तो मथळाच काढू आणि मंडळांना आधीच कळवू. त्यात राग नाही.

मुख्य गोष्ट वर लिहावी असे खुशबू सांगते. या पत्रात ती तळाशी गेली. उत्तर तिच्याच फोनवर दे, ती मला लिहून दाखवील.

स्टुलावरच्या कानशी आज उचलून ठेवल्या आहेत.

तुझा दादा,
पुंडलिक