नॉर्दर्न पाइकसाठी योग्य चमचा

२१ एप्रिल १९८५, रविवार. सकाळ.

लॉनच्या कोपऱ्यात अजून बर्फाचा एक मळका ढिगारा आहे. अमेरिकेत, ईडन प्रेरीत याला वसंत म्हणतात.

काल गॉर्डनकडे पार्टी. गॉर्डन म्हणजे माझा बॉस. मे महिन्यात उत्तरेला, तळ्यावरच्या केबिनवर जाणार म्हणाला, नॉर्दर्न पाइक पकडायला. मला विचारलं, चार्ली, तू कधी फिशिंग केलंयस? (चारुदत्त त्याच्या तोंडात बसत नाही.) मी म्हणालो, आजोबांबरोबर. अरबी समुद्रात. लहानपणापासून.

हे खोटं नाही. मला आजोबा होते. अरबी समुद्रही आहे. दोघांची भेट कधी झाली नाही एवढंच, कारण आजोबा सोलापुरात संस्कृत शिकवायचे आणि सिद्धेश्वराच्या तळ्यातसुद्धा पाय बुडवायचे नाहीत. पार्टीत हा तपशील कुठे सांगत बसणार?

गॉर्डनचे डोळे एकदम चमकले. १८ मेचं आमंत्रण, सहकुटुंब. सप्टेंबरात ग्रुप लीडरची जागा रिकामी होते आहे, हा केवळ योगायोग.

कांचन, माझी बायको, शेजारीच उभी राहून ऐकत होती. ती वेंगुर्ल्याची. तिच्या मामाची होडी होती. परत येताना गाडीत तिला सांगून ठेवलं, केबिनवर वेंगुर्ल्याचा विषय काढायचा नाही. एका घरात दोन एक्स्पर्ट बरे दिसत नाहीत.

संकल्प: चार आठवड्यांत पाइकवर प्रभुत्व.

२४ एप्रिल, बुधवार.

लायब्ररीतून तीन पुस्तकं आणली. पाइक लांबट, हिरवट, बदकासारख्या तोंडाचा, आणि त्या तोंडात कंगव्यासारखे दात. मराठीत पाइक म्हणजे सेवक. हा कोणाचा सेवक वाटत नाही.

सगळं लुअरवर अवलंबून आहे. लुअर म्हणजे खोटा मासा. लाकडाचा, पिसांचा किंवा पत्र्याचा, खाली तीन टोकांचा हुक. पत्र्याच्या प्रकाराला चक्क स्पून म्हणतात. म्हणजे मी बॉसबरोबर चमचा घेऊन जाणार. महाराष्ट्र मंडळात हे कळता कामा नये.

मी शाकाहारी आहे याने काही बिघडत नाही. उलट माशाकडे मी पूर्वग्रह न ठेवता बघू शकतो. कांचन म्हणाली, मासाही तुझ्याकडे तसाच बघेल.

२८ एप्रिल, रविवार.

ग्राफ पेपरवर तक्ता केला. उभं: रंग, वजन, चकाकी, डुलण्याचा वेग. आडवं: ऊन, ढग, गढूळ पाणी, शेवाळ. या शास्त्रीय पद्धतीने आजवर कोणी गेलेलं दिसत नाही.

तक्ता घेऊन फिशिंगच्या दुकानात गेलो. काउंटरवर एक म्हातारा, कॅप भुवयांपर्यंत. त्याने तक्ता उलटा धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, एवढ्या थंड पाण्यात तुला हवाय सकर.

इंग्रजीत सकर म्हणजे बावळट. अपमान पोटात घातला. अकरा लुअर घेऊन बाहेर पडलो.

घरी सुमेधाला (वय तेरा, मराठी कळतं, उत्तरं इंग्रजीत) झालेला प्रकार सांगितला. ती सोफ्यावरून खाली पडेपर्यंत हसली. सकर नावाचा छोटा मासा असतो म्हणे. जिवंत लावतात गळाला. ‘एव्हरीबडी नोज दॅट, डॅड.’

मला माहीत होतं. जिवंत मासा लावणं म्हणजे माशाला लाच देणं. त्यात इंजिनीअरिंग काय?

४ मे, शनिवार.

बाथटबमध्ये चाचण्या. लाल-पांढरा चमचा: उत्तम डुलतो. पिवळा, काळ्या ठिपक्यांचा: बुडतो, मग विचार करतो, मग डुलतो. चंदेरी लाकडी मासा: शॉवरच्या पडद्यात अडकला. पडदा सोडवताना हिरवा चमचा टॉवेलमध्ये. टॉवेल कांचनने अंगाला गुंडाळलेला होता.

चाचण्या स्थगित. कांचनचं म्हणणं असं की गळाला आमिष लावायचं, पाण्यात सोडायचं आणि गप्प बसायचं. तिच्या मामाची हीच पद्धत. मी समजावलं की ते खाऱ्या पाण्यातलं झालं. ती म्हणाली, गप्प बसायला खारं पाणी लागत नाही.

९ मे, गुरुवार.

लुअर सत्तावीस झाले. पुस्तक म्हणतं पाच पुरे. संध्याकाळभर निवड करून पाचावर आणले. मग वाटलं, ढग आले तर? नऊ. वारा सुटला तर? चौदा. जेवण होईतो पुन्हा सत्तावीस. निर्णय ठाम असावा. सत्तावीस.

ऑफिसात गॉर्डन रोज येऊन काहीतरी विचारतो. आज दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाला, चार्ली, पाइकला रंग कोणता आवडतो? मी फक्त मंद हसलो. तो ‘अच्छा, अच्छा’ अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटत गेला. माझी परीक्षा घेतो आहे. लबाड माणूस.

१२ मे, रविवार.

लॉनवर लुअर फेकायचा सराव. पहिला शेजाऱ्याच्या मेपलवर. दुसरा तिथेच, पहिल्याला सोडवायला गेलेला. शेजारी शिडी घेऊन आला, माझ्याकडे न बघता दोन्ही काढून दिले.

सराव बंद. फेकणं हे हाताचं काम आहे, कोणालाही येतं. निवड हे डोक्याचं काम, ते झालं आहे.

लायसन्सही काढलं. कांचनने हट्टाने नवरा-बायकोचं एकत्र काढायला लावलं. घेऊ दे. हौस असते एकेकीची.

१७ मे, शुक्रवार. दुपारी ३.

निघतो आहोत. चार तासांचा ड्राइव्ह. लुअर डब्यात रंगानुसार. बारा खिशांचं जॅकीट इस्त्री केलं. सुमेधा म्हणाली, ‘नोबडी आयर्न्स दॅट, डॅड.’ कांचनने डब्यात पोळ्या-बटाट्याची भाजी, आणि एका पुडीत तिखट-हळद-मीठ घेतलं. पुडी कशाला विचारलं. असू दे म्हणाली.

उद्या याच वेळी माझ्या हातात पाइक असेल. माप लिहायला खाली तीन ओळी सोडतो.

१९ मे, रविवार.

उभ्याने लिहितो आहे. डायरी फ्रिजवर.

काल सकाळी गॉर्डन आणि मी, दोघंच बोटीत. बाकी मंडळी धक्क्यावर. पाणी काचेसारखं, काठाने नुकतं उगवू लागलेलं शेवाळ. पुस्तकातल्यासारखीच जागा. गॉर्डनने मोटर बंद केली, मागे वळून धक्का किती लांब आहे ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

‘चार्ली, मला यातलं काही म्हणजे काही येत नाही.’

मला वाटलं, ही परीक्षेची शेवटची पायरी.

पण नाही. केबिन त्याच्या सासऱ्यांची. बारा वर्षं तो दर वसंतात पाठदुखी, सायनस, ऑफिस असं काहीतरी सांगत आला. सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, सगळ्यांदेखत त्याला घरकोंबडा म्हणतात. पुढच्या शनिवारी ते येणार, आणि या वेळी गॉर्डनने शब्द दिला आहे. ‘म्हणून तुला बोलावलं. तू आजोबांकडून शिकलास. मला शिकव. कोणाला सांगू नको.’

एवढा मोठा माणूस, माझ्या वार्षिक रिपोर्टवर सही करणारा, लाइफ जॅकीटच्या पट्ट्याशी चाळा करत बसला होता. खरं सांगून टाकावं असं मनापासून वाटलं. तोंड उघडलं.

म्हणालो, ‘लाल-पांढरा चमचा.’

त्याने वहीत लिहून घेतलं.

मग मी उभा राहून, त्याच्याकडे पाठ करून, मनगट कसं वळवायचं ते दाखवलं. त्यानेही मागे जोर लावून रॉड फिरवला. मला आधी काही कळलंच नाही. मग रॉड वाकला आणि गॉर्डन ओरडला, ‘लागला! चार्ली, मासा लागला!’ आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे एक सणसणीत झटका दिला.

जागा लिहीत नाही. उभा का आहे यावरून कळेल.

धक्क्यापर्यंत बोटीत पालथा आलो. फळ्यांवर, माझ्या नाकासमोर, एक पाइक आडवा पडला होता, हातभर. त्याने माझ्याकडे पूर्वग्रह न ठेवता पाहिलं. कांचनने धरला. एक साधा हुक, एक सकर, वर तरंगतं बूच. गॉर्डनची बायको बार्बरा तिच्या खांद्यावर हात टाकून उभी, जणू बालपणापासूनच्या मैत्रिणी.

क्लिनिक चाळीस मिनिटांवर. स्टेशन वॅगनच्या मागच्या भागात मी पोटावर, शेजारी सुमेधा माझा हात धरून. तिने विचारलं, आजोबांबरोबर खरंच फिशिंग केलं होतं का? गॉर्डन गाडी चालवत होता, म्हणून मराठीत सांगितलं. नाही गं. कधीच नाही.

‘मला माहीत होतं, बाबा,’ ती म्हणाली. मराठीत. हात सोडला नाही.

डॉक्टर सफाईदार. दोन टाके. त्यांच्याकडे भिंतीवर एक बोर्ड आहे, माणसांतून काढलेले लुअर त्यावर टांगतात. माझा चमचा ठेवून घेतला. मी नर्सला तो का निवडला ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, चांगला आहे, या महिन्यात लाल-पांढरेच सगळ्यात जास्त आले.

म्हणजे तक्ता बरोबर होता.

परत आलो तोवर पाइक तिखट-हळद लावून तव्यावरून उतरला होता. गॉर्डनने तीन तुकडे खाल्ले. काट्यांतून मांस कसं सोडवायचं ते कांचन त्याला दाखवत होती आणि तो वहीत लिहीत होता. मी बटाट्याची भाजी खाल्ली. उभ्याने.

२३ मे, गुरुवार. संध्याकाळ.

गॉर्डनने शनिवारी कांचनला बोलावलं आहे. सासरे यायच्या आत सकाळी एक शिकवणी. बार्बरा उद्याच येऊन तिला केबिनवर घेऊन जाईल. मी येऊ का विचारलं. म्हणाला, तू विश्रांती घे, चार्ली, तुझं बेसिक पक्कं आहे. ग्रुप लीडरबद्दल काही बोलला नाही. योग्य वेळेची वाट बघत असणार.

मघाशी क्लिनिकमधून नर्सचा फोन. टाके कसे आहेत वगैरे. मग म्हणाली, बोर्डावर प्रत्येक लुअरखाली कार्ड लावतो, कोणी पकडलं आणि वजन किती. पकडणारा गॉर्डन, ते तिने लिहून घेतलं होतं. वजन राहिलं होतं.

सांगितलं, एकशे अठ्ठावन्न पाउंड. जरा थांबून सहज विचारलं, या सीझनचं रेकॉर्ड का?

नाही म्हणाली. चौथा नंबर. पहिला एक डेंटिस्ट आहे, दोनशे चाळीस.

मी बुटांचंही वजन धरून सांगितलं होतं.