उलट्या वाऱ्याचा पेपर

प्रिय वेधशाळे,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तुझ्या दादाला बजावून ठेवलंय, पत्र तुझ्या हातातच द्यायचं आणि तू वाचून संपवेपर्यंत समोरून हलायचं नाही. तेव्हा मुकाट्याने वाच.

हवाईदलात येऊनही विमानं अजून खिडकीतूनच दिसतात. कडक इस्त्रीचा गणवेश घालायचा आणि दिवसभर फळ्यासमोर बसायचं. इंजिनाच्या पेपरात मी पास झाले, अर्थात काठावर. वर्गाने मला ढकलगाडी आणि हवामानात हुशार म्हणून तुला वेधशाळा उगाच नाही म्हटलेलं. संकटकाळचे पाठ तसेच चालू आहेत, एक शब्द इकडचा तिकडे झालेला चालत नाही. परवा जेवताना वाढप्याच्या हातून थाळ्या पडल्या, तर अख्खं टेबल एका सुरात पाठातलं पहिलं वाक्य ओरडलं, "आधी वेग सांभाळा!" बिचारा वाढपी खरंच सावकाश चालायला लागला.

व्हरांड्यातल्या आपल्या दोन खुर्च्या मात्र सुन्या झाल्यात. एकामागे एक बसून, डोळे मिटून, सफाईवाल्या मावशींचा मोरी उपसायचा रबरी पंप विमानाची दांडी म्हणून गुडघ्यांत धरून उड्डाणाची तालीम करत आपण किती हिंडलो गं. मावशी बादली घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "पोरींनो, विमान जरा पलीकडे घ्या, लादी पुसायचीय." तू लगेच शिस्तीत डावं वळण घ्यायचीस. आता त्या रोज विचारतात, दुसरी कुठे गेली म्हणून. मी सांगते, घरी गेलीय, येईल. तुझ्याशिवाय मला अजिबात करमत नाही.

तू नापास होऊन घरी निघून गेलीस, पण तुझ्या पेपराचं नेमकं काय झालं, ते हवामानाच्या मास्तरांनी नंतर दाखवलं. हवामानाच्या पेपराच्या आदल्या दिवशी संध्याकाळभर तू मला नकाशावरचे वारे शिकवत होतीस, आठवतं ना? नकाशावर बाण काढायचा तो वारा जिकडे जातो तिकडे. हवामानात मात्र वारा जिकडून येतो ती त्याची दिशा. माझ्या मठ्ठ डोक्यात बाण घालता घालता ते तुझ्याच डोक्यात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी पहिल्याच प्रश्नात तू वारा उलटा धरलास आणि पुढचा अख्खा पेपर त्या उलट्या वाऱ्याने बिनचूक सोडवलास. मास्तर म्हणाले, इतकं नीटनेटकं चुकलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. मग चष्मा काढून म्हणाले, पण वारा उलटा धरून उतरणारीला धावपट्टी पुरत नाही. तेही खरंच आहे.

आता मुद्द्याचं. आम्ही सगळे मास्तरांच्या दारात जाऊन उभे राहिलो. बोलायचं आपल्या आजोबाने, सव्वीस वर्षांचा म्हणून वर्गात थोरला तोच. ऐन वेळी त्याने मलाच पुढे ढकललं, मग मीच बोलले. सोमवारी तुझा पेपर पुन्हा घेणार आहेत. अट एकच, वर्गातल्या कुणीतरी तुला जामीन राहायचं. तू पास होईपर्यंत जामिनाचं पहिलं उड्डाण थांबणार, आणि तू नापास झालीस किंवा आलीच नाहीस, तर त्यानेही पुढच्या तुकडीत पहिल्या धड्यापासून बसायचं. मी हात वर केला. तुला आधी विचारलं असतं, पण तू फोन उचलत नाहीस. उद्या बाकीचे विमानात बसतील आणि मी व्हरांड्यात. भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण काल मावशी तुंबलेल्या मोरीपाशी कंबरेवर हात ठेवून पंप शोधत होत्या. सगळीकडे पाहिलं, शेवटी मी तुझ्या दादाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, घरी तुझ्या खोलीत खुर्चीपाशी ठेवलाय. जिला विमान सोडायचंय, ती मोरीचा पंप घरी कशाला नेईल? रविवारपर्यंत ये. आणि पंप घेऊन ये, मोरी अजून तुंबलेलीच आहे.

तुझीच, जमिनीवर थांबलेली,
ढकलगाडी