अर्धी-अर्धी बाटली

३ मार्च, सोमवार
लिही, सूनबाई. माझं बोलणं नीटनेटकं करू नकोस — वाचता येत नसलं तरी मला कळतं!

तुझ्या लेकीने, नायेलीने, आज तिच्या संशोधनाच्या दोन बाटल्या आणल्या. एक माझी, एक एउलालियाची. माझ्या लेकाची ती धर्ममाता, तेव्हापासून आम्ही एकमेकींच्या कोमाद्रे. दोघींना साखर, तिच्या पायाच्या अंगठ्याची जखम नाताळपासून ओली.

बाटलीत मॅग्नेशियम. रक्तात ते कमी पडलं की साखर जिरवणारी एन्झाइमं आळसावतात म्हणे. मी म्हटलं, म्हणजे चुना न घालता शिजवलेला मका. कितीही मळा, तोर्तिया फाटणारच. नातीला पटलं.

पण संशोधनातल्या चाळीस जणांपैकी निम्म्यांनाच औषध, बाकीच्यांना नुसतं पाणी. कुणाला काय, ते बंद पाकिटात. ही कसली रीत!

४ मार्च
एउलालियाकडे डुक्कर कापलं की अर्धं माझ्याकडे येतं. चाळीस वर्षं. दोन्ही बाटल्या मडक्यात ओतल्या, ढवळल्या, पुन्हा भरल्या. सूनबाई, तुझ्या लेकीला सांगशील तर याद राख.

९ एप्रिल
नव्या बाटल्या. तसंच केलं.

२१ मे
अंगठ्यावर कातडी धरली! एउलालिया म्हणते, आता नाचायला नवरा शोध. मी म्हटलं, पहिला तुझ्या नाचालाच घाबरून गेला.

२९ मे
नायेली जेवली नाही. घेवडा ताटात गार झाला. एन्झाइमचं काम मोजलं, तर आम्ही दोघी कुठल्याच गटात बसत नाही — आणि निकाल अगदी काठावर, आम्हा दोघींना वगळलं तरच औषध लागू ठरतं म्हणे.

"कारणाशिवाय कुणाला वगळता येत नाही, आजी. मॅग्नेशियमचा उपयोग नाही, असंच लिहावं लागेल."

दोन वर्षं राबली पोर. मी ताटं उचलली. सांगितलं तर दोघींच्या बाटल्या बंद. माझं काय, मी म्हातारी लाकडासारखी. पण अंगठा तिचा आहे.

३० मे
एउलालियाला सगळं सांगितलं. तिने हातातलं कणीस सोलून टोपलीत टाकलं.

"पाणी अर्धं-अर्धं प्यायलो, कोमाद्रे. बोलणीही अर्धी-अर्धी खाऊ."

१ जून, रविवार
हे अक्षर नायेलीचं, बोलणं माझंच. तिच्या आईला मी बाजारात पाठवलंय. पोरीला म्हटलं, आधी मागची पानं मोठ्याने वाचून दाखव, मला कुठे वाचता येतं.

चार मार्चपाशी थांबली आहे.

वाच, बाळ. पुढे अजून आहे.