गिरणी रस्त्यावरचं तेल

सांडपाणी केंद्रावरची कॅन्टीन,
सोमवार, दुपारचं जेवण झाल्यावर

ती. होल्गरदादास, धाकट्या आस्गेरचा नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? यिट्टेवहिनींचे गुडघे आता जिना चढू देतात का? आमच्याकडे सगळे सुखरूप आहेत. मी गेल्या मंगळवारी कमरेपर्यंत तेलात बसलो तेवढं सोडलं तर सांगण्यासारखं काही नाही, आणि तेच सांगायला हे लिहितो आहे. (पत्र बघून दचकू नकोस. आपली घरं सायकलने बारा मिनिटांवर आहेत हे मला ठाऊक आहे. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि समोर आलो की बाटली काढतोस. मग मी काय बोलतो ते माझ्या हातात राहत नाही. विबेके हे तुझ्या टपालपेटीत टाकून जाईल.)

तर गेल्या सोमवारी सकाळी मी पहिल्या टाकीवर गेलो आणि बघतो तर पाण्यावर काळं तेल. त्यावर ऊन पडून मोरपिशी रंग चमकत होते. दिसायला सुंदर, हे मान्य करायला हवं. आता तुला माहीतच आहे की गावाचं सांडपाणी आम्ही साफ करत नाही, आमचे जंतू करतात. आम्ही फक्त त्यांना हवा देतो आणि बिलं भरतो. एकोणीस वर्षं मी त्यांचं खाणंपिणं बघतो आहे. गावाने पाठवलेलं सगळं ते मुकाट्याने खातात: साबण, सूप, ख्रिसमसच्या बदकाची चरबी. (विबेकेच्या मते तिचा नवरा सोडला तर इतकं मुकाट्याने खाणारं गावात दुसरं कोणी नाही.) पण यंत्राचं तेल त्यांना खाता येत नाही. ते त्यांच्या अंगावर बसतं आणि त्यांचा श्वास कोंडतो. बुधवारपर्यंत मोठ्या टाकीवर तपकिरी फेस आला आणि वास तर जुन्या गॅरेजचा. जंतू गेले तर पाणी तसंच खाडीत जाणार, आणि खाडीत रोज सकाळी सहा वाजता कोण उतरतं हे तुला सांगायला नको. शनिवारी आई ऐंशी वर्षांची होते आहे. केकच्या आधी सगळ्यांनी तिच्याबरोबर पाण्यात उडी मारायची, असं तिने निमंत्रणातच छापून घेतलं आहे.

पहिलं काम म्हणजे तेल वरून काढणं. मंगळवारी ते मी बादलीने काढत होतो आणि त्याच कामात घसरून तेलाच्या चरात बसलो. घरी विबेकेने मला दारात उभं करून सगळे कपडे बागेतच उतरवायला लावले. शेजारचे निवृत्त पाद्रीबुवा कुंपणापलीकडे गुलाब छाटत होते. त्यांनी टोपी उचलून हवेबद्दल विचारलं. मीही हवेबद्दलच सांगितलं.

मग शोध सुरू झाला. आमच्या साहेब मेरेते (वय चौतीस, डॉक्टरेट झालेली, बोलणं कमी) म्हणाल्या, तेल आलं तर कुठून तरी आलं असणार. हे मला पटलं. आधी मी माशांना धुरी देऊन विकणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी माझं ऐकून घेतलं, तीन हेरिंग खायला लावले, आणि चौथा संपल्यावर सांगितलं की माझ्या माशांवर संशय घेणारा माणूस पुन्हा या दारात दिसता कामा नये. (तेल त्यांचं नाही. माशाची चरबी अशी दिसतच नाही, हे मला जाण्याआधीही माहीत होतं. पण हेरिंग चांगले होते.) त्यानंतर बस डेपो. तिथल्या प्रमुखाने आपली तेल अडवायची टाकी उघडून इतक्या अभिमानाने दाखवली की मला तिचं कौतुक दोनदा करावं लागलं.

शेवटी मी साधा मार्ग धरला. तेल शोषणारी पांढरी फडकी दोरीला बांधून गटाराच्या एकेका झाकणाखाली सोडली आणि दुसऱ्या दिवशी वर काढली. काळं फडकं निघालं की त्याच बाजूला पुढे चालायचं, पांढरं निघालं की मागे फिरायचं. बंदरावर काळं. चर्चच्या कोपऱ्यावर डावीकडे पांढरं, उजवीकडे काळं. शाळेकडे पांढरं. गिरणी रस्त्यावर इतकं काळं की दोरीसुद्धा टाकून द्यावी लागली. आता गिरणी रस्त्यावर तीनच गोष्टी आहेत: बालवाडी, गायनमंडळाचा हॉल आणि एक वर्कशॉप. बालवाडीत लेथ नाही, मी विचारून आलो. गायनमंडळाकडे फक्त पियानो आहे.

मेरेतेंनी नकाशावर बोट ठेवलं. "हे वर्कशॉप कोणाचं?"

मी म्हटलं, नकाशा जुना आहे.

"पाटीवर व्हेस्टरगोर लिहिलंय. तुमचंही आडनाव तेच ना?"

"या भागात बऱ्याच जणांचं आहे."

"किती जणांचं?"

"दोघांचं," मी म्हटलं.

त्यांनी फक्त माझ्यासाठी कॉफी ओतली, जे त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

असो. वहिनींना नमस्कार. कमरेला शेक घेत जा.

तुझा,
आस्गेर

ता. क. गुरुवारी सकाळी नऊ वाजता मेरेते नमुन्याच्या बाटल्या घेऊन तुझ्या अंगणात येणार आहेत आणि बरोबर मी असेन. ही गोष्ट तुला कळवायला मला मनाई आहे, म्हणून मी ती कळवलेली नाही, फक्त कमरेची चौकशी केली आहे. पण दादा, बुधवारी तू स्वतःहून त्यांना फोन कर. जो आपणहून सांगतो त्याला समज देऊन सोडतात. जो सापडतो त्याच्याकडे पोलीस जातात. गेल्या वसंतात तुला बोटींची इंजिनं धुवायचं काम मिळालं तेव्हा मलाच सगळ्यात जास्त आनंद झाला होता. तुझं वर्कशॉप बंद पडलेलं मला बघायचं नाही.

ता. क. दुसरं, मंगळवार. विबेकेने हे वाचलं आणि विचारलं, दादांच्या अंगणाखाली तेल अडवायची टाकी आहे ना, मग तेल बाहेर आलंच कसं? मी म्हटलं, तेच तर, त्याने ती वर्षानुवर्षं उपसली नसणार. या विषयावर, म्हणजे तुझ्या निष्काळजीपणावर, मी चांगली दोन पानं लिहिली होती. ती आता शेगडीत आहेत. कारण आईच्या वाढदिवसासाठी आल्बम चाळताना अकरा वर्षांपूर्वीचा फोटो सापडला. खड्ड्यात टाकी, टाकीवर मी, हातात बियर, शेजारी तू. माझ्या बुटाजवळ टाकीवरचा बाण स्पष्ट दिसतो. पाणी बाणाच्या दिशेने, म्हणजे वर्कशॉपकडून गटाराकडे वाहायला हवं. बाण वर्कशॉपकडे आहे. बोटींची इंजिनं येईपर्यंत तेल थोडं होतं, म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. मला आठवतं, तू तेव्हा म्हणाला होतास, "बाण बघ रे एकदा," आणि मी म्हणालो होतो, "दादा, माझा धंदाच हा आहे." म्हणून तू फोन करू नकोस. मीच उद्या मेरेतेंना सांगतो, टाकी कोणी बसवली तेही. तू फक्त फावडी काढून ठेव.

ता. क. शेवटचं. आईला यातलं काही सांगू नकोस, असं लिहिणार होतो. पण फोटो तिनेच काढला होता, आणि विबेकेने आत्ता तो उलटून बघितला. मागे आईच्या अक्षरात लिहिलं आहे: 'मला वाटतं पोरांनी टाकी उलटी बसवली. पण दोघं इतके खूश आहेत की आज सांगवत नाही.'