झुलालची बंदूक, माझे करकोचे

१८ नोव्हेंबर १९३४

एकशे दहा! गेल्या साली याच आठवड्यात दोनशे चाळीस होते. पहाटे उठायचं, शाल गुंडाळून तापीच्या काठी तासभर उकिडवं बसायचं, आणि मिळायचे काय — एकशे दहा करकोचे. नऊ हिवाळे मोजतो आहे. उत्तरेकडून किती आले ते मुंबईच्या पक्षीमंडळाला कळवतो आणि ते माझ्या नावानिशी छापतात. एका खेड्यातल्या मराठी शाळेच्या मास्तराला आणखी काय हवं? यंदा कोणत्या तोंडाने कळवू!

२२ नोव्हेंबर

ब्याण्णव. पण कारण सापडलं. काठावर झुलालचा हरभरा आहे. करकोचे कोवळे शेंडे खुडतात म्हणून तो आपली ठासणीची बंदूक उडवतो. शाळेत बोलावून समजावलं. म्हणाला, "गुरुजी, मी पाखरं मारस नई. नुसता आवाज करस. बंदूक रानडुकरंसाठे शे."

मारत नाही म्हणे! मग गेले कुठे?

३० नोव्हेंबर

आमचा दुय्यम मास्तर पंडित हौसेने बरोबर आला. मोजून सांगतो काय — दोनशे छत्तीस! माझे पंच्याऐंशी. शाळेच्या पटावर हजेरी फुगवायची खोड नदीवरही घेऊन आला. चांगला खडसावला. तर लगेच म्हणाला, "बरं, पंच्याऐंशी." असल्या माणसाच्या मोजण्याला काय अर्थ आहे?

४ डिसेंबर

झुलालच्या शेजारच्या शेताची राखण भिकुबाई करते. दिवसभर माळ्यावर गोफण घेऊन बसलेली असते. तिला विचारलं. म्हणाली, "बठ्ठा शेतस ना गुरुजी. त्या काय, समोरच बसेल शेतस." सगळे आहेत म्हणे, आणि वाळूकडे हात केला. वाळूवर धुकं होतं, दुसरं काही नाही. झुलाल तिचा चुलतपुतण्या. ती दुसरं काय बोलणार! आपलेच दात आणि आपलेच ओठ.

५ डिसेंबर

एकोणऐंशी. दुर्बीण दोनदा पुसली.

७ डिसेंबर

तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला. सोबत मंडळाचं छापील पत्रक जोडलं. ते पाहून साहेबांनी खुर्ची दिली. झुलाल पाखरं मारतो, असं लिहिलं आहे. मारताना पाहिलेला नाही, हे खरं. पण आकडे तर माझ्याजवळ आहेत.

१५ डिसेंबर

शिपाई येऊन झुलालची बंदूक जप्त करून गेला. संध्याकाळी झुलाल दारात उभा. आवाज चढवला नाही, त्याचाच मला जास्त राग आला. "गुरुजी, डुकरं बठ्ठा हरभरा खाई टाकतीन. सालभर आम्ही काय खावानं?"

मी म्हटलं, डबा वाजव, भाला बाळग, तुझे वाडवडील काय करत होते?

गाव माझ्याशी बोलेनासा झाला आहे. रस्त्यात कुणी रामराम करत नाही. न करो!

२४ डिसेंबर

अठ्ठेचाळीस. आता तर बंदूकही नाही! डोकं फुटायची पाळी आली. मुंबईचं स्मरणपत्र तीन दिवस टेबलावर पडून आहे. 'पक्षी घटण्याचे कारण' या रकान्यात आता काय भरू?

२९ डिसेंबर

रात्री डुकराने झुलालला फाडलं. हरभऱ्यात कळप शिरला होता, हा भाला घेऊन आडवा गेला. मांडीपासून नडगीपर्यंत. बैलगाडीने सडकेपर्यंत नेताहेत, पुढे मोटारीने धुळे. मीही निघतो आहे. मला कुणी ये म्हटलं नाही, नको असंही म्हटलं नाही.

जे केलं ते पाखरांसाठी केलं. अर्ज रीतसर होता. पण भाला मीच सुचवला होता.

३१ डिसेंबर, धुळे

डॉक्टर पाय तपासत होते. झुलाल तापाने फणफणलेला, तरी त्यांना म्हणतो, "मनं राहू द्या. आधी गुरुजीसना डोया दखा. दिवाईपासून मी रामराम करस, त्यासले मी दिसतच नई."

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, वाढतो आहे.

करकोचे सगळे आलेले आहेत.

झुलालचा पाय उद्या कापणार.