संध्याकाळी मागितलेली सावली

प्रिय अल्वीसे,

‘प्रिय’ सवयीने लिहिलंय. त्यावरून भलता समज करून घेऊ नकोस.

काल संध्याकाळी मी बाबांना आगगाडीने व्हेनिसला घेऊन गेले होते. इथे मेस्त्रेला माझ्या खिडकीतून पाणी दिसत नाही, म्हणून हिवाळ्यापासून ते तोंड पाडून बसलेत. त्यांचा पाय मोडला तेव्हा ‘घराची दुरुस्ती होईपर्यंत ताईकडे राहा’ म्हणत तूच त्यांना इथे आणून सोडलंस. मीही तुझ्या शब्दावर विसंबले. काल गाडी पुलावर आली, दोन्ही बाजूंना पाणी दिसलं, तसे ते खिडकीशी उठून उभेच राहिले. लोकांच्या बॅगा ओलांडत सगळ्यांच्या आधी उतरले.

कालव्याकाठच्या नेहमीच्या दुकानात शिरून त्यांनी ऐटीत एक ‘ओंब्रा’ मागितली. आपण व्हेनिसवाले वाइनच्या पेल्याला ‘ओंब्रा’, म्हणजे सावली म्हणतो, हे तिथल्या नव्या पोरीला कुठून ठाऊक असणार? “आजोबा, ऊन तर केव्हाच उतरलं,” म्हणत तिने बाहेरची मोठी छत्री उघडून दिली. बाबा हसले. “बरं, मग छत्रीखालीच एक पेला आण,” म्हणाले. मला मात्र हसू येईना.

मग म्हणाले, चल, घराचं काम कुठवर आलंय बघू. तर दाराला आकड्यांचं कुलूप. घंटा वाजवली, तेव्हा एक परदेशी बाई डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. तिच्यामागे आईच्या टेबलावर पिझ्झ्याचे खोके. पर्यटकांना रात्रीच्या भाड्याने घर देणं, याला दुरुस्ती म्हणतात का रे? मी तोंड उघडणार तोच बाबांनी माझा हात दाबला, टोपी काढली आणि तिला म्हणाले, “माफ करा बाई, दार चुकलं. मी इथला नाही.” सख्ख्या बापाला हे बोलायला लावलंस तू.

परतीच्या गाडीत ते एकदाच बोलले. “अल्वीसेला काही सांगू नकोस. खजील होईल बिचारा.” मी हो म्हटलं, आणि खरंच गप्प राहणार होते. पण आज सकाळी कॉफी ढवळता ढवळता त्यांनी हळूच विचारलं, “लोरे, त्या घरात राहायचं तर कुणाला सांगावं लागतं गं? आपल्यालाही दोन रात्री मिळतील का?”

याचं उत्तर मी देणार नाही. रविवारी ये, आणि त्यांच्या समोर बसून तूच दे.

अजून तरी तुझीच,
लोरेदाना